चौथ्या भागातला आवाज

९ जानेवारी

दूरचित्रवाणी केंद्राचं पत्र आलं. केंद्राला पन्नास वर्षं होतात म्हणून मार्चमध्ये समारंभ आहे. जुन्या कलावंतांनी आपल्या कामाचा दोन मिनिटांचा नमुना दाखवून चार शब्द बोलावेत, अशी विनंती. पत्रात मला 'ज्येष्ठ निवेदक' म्हटलंय. 'श्रेष्ठ' म्हटलं असतं तरी चाललं असतं, यमकातच होतं.

नमुना कोणता, हा प्रश्नच नाही. बातम्या काय, कुणीही वाचतं. पण युद्ध संपल्यावर केंद्राने केलेले ते तेरा माहितीपट! चव्वेचाळीस वर्षं झाली. त्यांना आवाज माझा होता. केंद्रात मला सगळे 'खर्ज' म्हणायचे ते तेव्हापासून. रविवारी सकाळी माहितीपट लागला की रस्ते ओस पडायचे, असं मी जेवताना हिला म्हणालो.

"रविवारी सकाळी दुकानं बंदच असायची," ही म्हणाली.

बायकोला नवऱ्याच्या कर्तृत्वाचं कौतुक नसतं. घर की मुर्गी.

१६ जानेवारी

केंद्रात गेलो. दारावरच्या माणसाने ओळखलं नाही. मी "नमस्कार" म्हटल्यावर ओळखेल असं वाटलं होतं, तरीही नाही. वहीत नाव लिहायला लावलं.

संग्रहालय तळघरात आहे. तिथला संग्रहपाल नाकावर रुमाल बांधून बसतो, बुरशीमुळे. त्याने नोंदवह्या काढल्या, बोट फिरवत खाली आला आणि म्हणाला, "आहेत. तेराही टेपा आहेत."

मी मनात शंख फुंकला.

"पण त्यांच्यावर आता कुस्त्या आहेत."

त्या काळी टेपांची टंचाई होती. जुनं पुसायचं, त्यावर नवं घ्यायचं. माझ्या तेराही भागांवर एका कुस्ती स्पर्धेचं चित्रण आहे. त्याने बिचाऱ्याने एक टेप लावून दाखवली. बावीस मिनिटं दोन जाडे गृहस्थ एकमेकांना मिठी मारून उभे. शेवटी कुस्ती संपते, चित्र थरथरतं, आणि खालून माझा आवाज येतो: "...आणि शत्रू..." एवढंच. मग मुंग्या.

"आवाज छान आहे हो," संग्रहपाल म्हणाला. दोनच शब्दांत ओळखलं. जाणकार माणूस.

२१ जानेवारी

गावाबाहेर एक संग्राहक राहतो. नऊशे व्हिडिओ कॅसेटी आहेत त्याच्याकडे. पलंगाखाली, जिन्यात, न्हाणीघराच्या माळ्यावर. त्याने घरी रेकॉर्डर घेतला तेव्हा आमची मालिका पुन्हा दाखवत होते, म्हणजे दहाएक वर्षांनी, कुस्त्या चढण्याआधी.

"नववा भाग? आहे की!" त्याने कॅसेट लावली. साबणाची जाहिरात. मग छत्रीची. मग दंतमंजनाची. मग पुन्हा साबण.

"आणि युद्ध?" मी विचारलं.

"मी जाहिराती जमवतो, साहेब. तुमचा कार्यक्रम सुरू झाला की बटण दाबून थांबवायचो. जाहिरात आली की परत चालू." अभिमानाने सांगत होता. "एक सेकंदसुद्धा इकडचा तिकडे नाही."

घरी येऊन हिला सांगितलं. ही इतकी हसली की पदर तोंडाला लावून आत गेली.

३० जानेवारी

वर्तमानपत्रात निवेदन द्यायचं ठरवलं. मी मजकूर केला: 'एका सुवर्णयुगाचा साक्षीदार असलेला धीरगंभीर स्वर...' असा साधारण साठ शब्दांचा. हिने तांबडी पेन्सिल घेऊन सातच ठेवले: 'जुन्या युद्धमालिकेच्या कॅसेटी कुणाकडे असल्यास कृपया कळवावे,' आणि फोन नंबर. निवृत्त मुख्याध्यापिका आहे, सवय जात नाही.

१२ फेब्रुवारी

तेरा दिवसांत तीन फोन. एकाला जुने पंखे विकायचे होते. दुसऱ्याने कुठल्या युद्धाची मालिका म्हणून विचारलं आणि मग तासभर ते युद्ध कसं जिंकायला हवं होतं ते सांगितलं.

तिसरा आज आला. बाईचा आवाज, कोरडा, स्पष्ट. "माझ्याकडे चौथा भाग आहे. पुलाच्या लढाईचा."

मी खुर्चीवरून उठलो. म्हणालो, "मी त्याचा निवेदक बोलतोय."

त्या म्हणाल्या, "ओळखलं मी."

शेवटी कुणीतरी ओळखलं! दोन वाक्यांत! ही स्वयंपाकघरातून विचारते, कोण होतं? म्हटलं, चाहती.

१५ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

बाई निवृत्त परिचारिका आहेत. दोन खोल्यांचं घर, इस्पितळासारखं स्वच्छ. चहाचे कप आधीच मांडून ठेवलेले. मी एकटाच जाणार होतो, पण हीही आली, तुम्ही बोलतच बसाल म्हणून.

बाईंनी कॅसेट लावण्याआधी सांगितलं, "चित्र सगळं आहे. आवाज मात्र तुमचा नाही."

मला वाटलं, टेप खराब झाली असेल.

चित्र सुरू झालं. धुळीचा रस्ता, त्यावरून चालत येणारी जवानांची तुकडी. कॅमेरा एकेकाच्या तोंडावरून सरकतो. इथे माझी ओळ होती, मला आजही पाठ आहे: 'मृत्यूलाही हसत सामोरे जाणारे हे वीर...' पण ऐकू आला एका म्हातारीचा आवाज. खोकत, थांबत, जवळ बसून बोलल्यासारखा.

"हा उंच. याची आई शिवण करते. हा आला परत. हा चष्मेवाला, मास्तर होणार होता. हा नाही आला. हा कोण, ठाऊक नाही बाई. हा आला, पायाने अधू झाला, पण आला. आणि हा आमचा. बघ कसा हसतोय. कशाला हसतोय कोण जाणे."

आमचा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा. पडद्यावर चार सेकंद आहे, तोंड उघडं टाकून हसतोय, अगदी पोट धरून.

बाई म्हणाल्या, त्या वेळी पलटणीकडून 'बेपत्ता' एवढंच कळलं होतं. टीव्ही शेजाऱ्यांकडे होता, सगळी आळी तिथे बघायला जमलेली. भाऊ दिसला तशी आई ओरडलीच. आणि भागाच्या शेवटी मी म्हणालो, "पूल सर झाला. आणि या तुकडीतला एकही जवान मागे राहिला नाही."

"आईने ते ऐकलं," बाई म्हणाल्या. "आम्ही सांगत होतो, अगं, सरकारी कागद यायचाय अजून. ती म्हणायची, टीव्हीवर खोटं सांगतील का? एवढा मोठा आवाज होता त्याचा. अकरा दिवस तिने त्याचं अंथरूण घालून ठेवलं. रोज सकाळी उन्हात टाकायची, संध्याकाळी परत घालायची. बाराव्या दिवशी कागद आला."

पुढे दहा वर्षांनी मालिका पुन्हा लागली तेव्हा बाईंच्या यजमानांनी ती रेकॉर्ड केली. आई रोज बघायची, पण आवाज बंद करून. मधल्या वर्षांत तिने भावाच्या पत्रांवरून त्या तुकडीतल्या मुलांची घरं शोधली होती. एसटीने, बैलगाडीने, पायी. शेवटी यजमानांनी रेकॉर्डरला माइक जोडून दिला. त्या यंत्रात जुना आवाज काढून नवा भरायची सोय होती. आईने समोर बसून एकेक ओळखीचं तोंड सांगितलं.

"म्हणजे माझा आवाज पुसला," मी म्हणालो.

"हो," बाई म्हणाल्या. "साखर किती?"

परतताना ही माझ्या चार पावलं पुढे चालत होती. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, "माझं ठीक आहे."

बाईंनी कॅसेट मात्र दिली. पेनड्राइव्हवर उतरवून परत करा म्हणाल्या. मोठ्या मनाची बाई.

१६ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. निवेदक हा निवेदक असतो. लिहिणारा लिहितो, आपण वाचतो. पत्र वाईट बातमीचं असलं म्हणून कुणी पोस्टमनला धरतं का?

हिला हे ऐकवलं. ही म्हणाली, "पोस्टमन पत्रातला मजकूर बदलत नाही."

मी कुठे बदलला?

१९ फेब्रुवारी

आमच्या मालिकेचा लेखक अजून आहे. त्याची वाक्यं लांबलचक म्हणून त्याला केंद्रात 'पल्लेदार' म्हणायचे. आता मुलीकडे राहतो, कमी ऐकू येतं. मी गेलो तर म्हणाला, "या खर्ज! अजून आहात?" मी म्हटलं, "दिसतंय तसं." 

दोन कामं होती. एक, त्या वाक्याबद्दल त्याला जाब विचारणं. दुसरं, चौथ्या भागाची संहिता मिळवणं. मला एक युक्ती सुचली आहे. चित्र आहे. माझा आवाज, देवाच्या दयेने, अजून शाबूत आहे. संहिता मिळाली की निवेदन पुन्हा ध्वनिमुद्रित करून चित्रावर बसवायचं. झाला नमुना तयार.

पल्लेदारने तेराही संहिता शिवून ठेवल्या होत्या. चौथी आनंदाने दिली. वाक्याचं विचारल्यावर कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "एकही नाही? असं मी कशाला लिहीन? मला आकडा मिळाला नव्हता. मी जपून लिहिलं असणार."

म्हातारा विसरतो. वय झालं.

२० फेब्रुवारी

संहिता वाचली. शेवटच्या पानावर पल्लेदारच्या टंकलिखित मजकुरात असं आहे: 'या तुकडीतले बहुतेक जवान परतले.' त्यावर लाल शाईने काट मारून वर दुसरं वाक्य लिहिलंय. हस्ताक्षर माझ्यासारखं आहे.

त्या काळी बरेच जण लाल शाई वापरत.

'बहुतेक' हा शब्द निवेदनाच्या शेवटी फार पडेल वाटतो, हेही खरं. आवाज खाली आणायला जागाच राहत नाही.

२६ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण पार पडलं. खोलीत आवाज घुमत होता, म्हणून कपड्यांच्या कपाटात बसलो. कोट आणि साड्यांमध्ये आवाज कसा गादीवर पडल्यासारखा येतो. दुपारी तीन ते पाच, घामाने निथळत. ही कपडे ठेवायला आली आणि दार उघडून मला बघितलं. मी हाताने थांब म्हणून खूण केली, कारण मी नेमका 'मृत्यूलाही हसत' वर होतो.

ते शेवटचं वाक्यही घेतलं. ऐतिहासिक दस्तऐवजात आपण फेरफार करू नये, या मताचा मी आहे.

हिने बाहेर आल्यावर विचारलं, "बाईंना विचारलंत?"

"त्यांची कॅसेट जशीच्या तशी आहे. त्यांच्या पेनड्राइव्हवर आईचाच आवाज आहे, तो काळ्या झाकणाचा. माझा निळ्या झाकणाचा." मी दोन्ही टेबलावर ठेवून नीट दाखवले.

हिने दोन्ही उचलून पाहिले. "झाकणं निघतात का यांची?" विचारलं. बायकांना भलत्याच गोष्टींचं कुतूहल.

११ मार्च

समारंभ झाला.

निघताना हिने स्वतः निळा पेनड्राइव्ह माझ्या खिशात घातला, वर खिशाची गुंडी लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामात एवढा रस घेतला म्हणून बरं वाटलं.

सभागृह भरलेलं. समारंभ थेट प्रक्षेपित होत होता. तिसऱ्या रांगेत ही बसली होती, आणि शेजारी परिचारिकाबाई! त्यांना पास कुणी पाठवला कोण जाणे. केंद्रातला कारभार पूर्वीसारखाच आंधळं दळतंय असा. आता माझं निवेदन लागणार आणि त्या ऐकणार. पण तंत्रज्ञाने पेनड्राइव्ह लावून दिवेही मालवले होते.

धुळीचा रस्ता आला. मी मंचावर उभा. श्वास घेतला, जणू आताच वाचायचं आहे.

"हा उंच. याची आई शिवण करते. हा आला परत."

तंत्रज्ञाने घोळ घातला! काय घातला ते अजून उलगडलेलं नाही. मी थांबवायला हात वर केला, पण अंधारात कोण बघतंय. म्हातारी बोलत राहिली. "हा नाही आला. हा कोण, ठाऊक नाही बाई." सुरुवातीला कुणीतरी खोकलं. मग तेही थांबलं. "कशाला हसतोय कोण जाणे" झालं आणि दिवे लागले, तरी टाळी नाही. एवढ्या मोठ्या सभागृहात छताचा पंखा ऐकू येत होता.

मग सगळे उभे राहिले.

केंद्रसंचालक माईकवर आले. म्हणाले, "ज्यांच्या आवाजाने एक काळ गाजवला, त्यांनी आज आपला आवाज काढून घेतला आणि एका आईला दिला. याहून मोठा कलावंत कोण?"

पुन्हा टाळ्या. मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं, हे माझं नाही म्हणून. मी वाकून नमस्कार केला.

बाहेर बाई भेटल्या. म्हणाल्या, "मला वाटलं नव्हतं तुम्ही असं कराल." मी मान हलवली. मान हलवणं खोटं बोलण्यात येतं की नाही, माहीत नाही.

१२ मार्च

दोन वर्तमानपत्रांत फोटो. 'निवेदकाचं मौन बोललं.' लेकीचा फोन आला, रडत होती. म्हणाली, बाबा, मला तुमचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी विचारलं, आधी किती वाटायचा? ती म्हणाली, आईला द्या.

जेवण गेलं नाही.

१३ मार्च

हिला म्हणालो, "त्या तंत्रज्ञाची चूक झाली आणि श्रेय मी घेतलं. बाईंना सांगावं का?"

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तंत्रज्ञाचं राहू द्या. लाल शाईचं सांगा."

तिने संहिता कधी वाचली?

१७ मार्च

बाईंकडे गेलो. एकटा. जिन्यात दोनदा मागे फिरलो.

सगळं सांगितलं. निळा, काळा, कपाट, लाल काट. माझा आवाज फार बारीक येत होता, मलाच ऐकू येईना. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "का बदललंत?"

"वाक्य चांगलं होत नव्हतं."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "हेच असेल असं वाटलं होतं मला," म्हणाल्या. "आईला वाटायचं, तुम्हाला वरून कुणीतरी तसं सांगितलं असेल. काहीतरी मोठं कारण असेल."

चहा दिला नाही. मला तो मागायचा नव्हताच.

२३ मार्च

केंद्रातून फोन. एका शिंप्याने समारंभ टीव्हीवर बघितला. म्हणतो, म्हातारीने 'ठाऊक नाही बाई' म्हटलं तो मी. जिवंत आहे. दीड तासावर दुकान आहे. त्या मातोश्रींना भेटायचंय.

मातोश्री नाहीत म्हणून सांगितल्यावर त्याने विचारलं, घरचं कुणी आहे का?

बाईंना फोन करायचा धीर होईना. हिने केला. बाई म्हणाल्या, येऊ दे त्यांना. आणि तुमच्या यजमानांनाही आणा, संहिता घेऊन.

२७ मार्च

शिंपी सडसडीत आहे, अडुसष्टचा. येताना कापडाची पिशवी भरून बाईंसाठी उशांचे अभ्रे शिवून आणले होते. "रिकाम्या हाताने कसं यायचं, ताई," म्हणाला.

कॅसेट लावली. स्वतःचं तोंड आलं तेव्हा तो हसला. बाईंचा भाऊ आला तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून पुढे झुकला.

"कशाला हसतोय, विचारतात ना आई? सांगतो. त्या फिल्मवाल्यांनी आम्हाला त्या रस्त्यावरून तीनदा चालवलं. सारखं, वीरांसारखे दिसा, वीरांसारखे दिसा. कॅमेरावाला आमच्याकडे तोंड करून उलटा चालत होता. मागे चर खणलेला. आम्हाला सगळ्यांना दिसत होता, एकानेही सांगितलं नाही! तुमच्या भावाने मला कोपर मारून म्हटलं, आता बघ. आणि गेला तो गडी, कॅमेऱ्यासकट आडवा. ते बघा, चित्र कसं हललं!"

खरंच, भावाच्या तोंडानंतर चित्र आभाळाकडे जातं. मी वर्षानुवर्षं समजत होतो की ते दिग्दर्शकाने मुद्दाम केलंय. त्यावर एक ओळही होती: 'ज्यांची नजर आभाळाला भिडली...'

बाई हसायला लागल्या. आधी ओठ दाबून, मग खांदे हलवून. मग डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही. "पुन्हा सांगा," म्हणाल्या. शिंप्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही वाचा. यांना ऐकू दे तुम्ही काय म्हणाला होतात."

मी चष्मा लावून वाचायला घेतलं. 'मृत्यूलाही हसत'ला शिंपी इतका हसला की त्याला ठसका लागला, हिने पाणी दिलं. मीही हसलो, खोटं कशाला लिहू. पान उलटत शेवटाशी आलो. 'पूल सर झाला. आणि या तुकडीतला...'

पुढचं वाचता येईना. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कधी अडखळलो नव्हतो. सर्दीत नाही, वडील गेले त्या दिवशीच्या बातम्यांतही नाही.

शिंप्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सात," शिंपी म्हणाला. "सव्विसांतले सात राहिले."

मी खिशातून पेन काढलं आणि त्याला नावं विचारली. तो बोटं मोडत सांगत गेला, मी शेवटच्या पानाच्या समासात लिहीत गेलो. बाईंच्या भावाचं त्याने चौथं घेतलं. सहाव्या नावापाशी मी त्याला थांबवलं. मधलं अक्षर साधं की जोडाक्षर, ऱ्हस्व की दीर्घ, ते नीट ऐकू आलं नव्हतं. त्याने पुन्हा सांगितलं. मी म्हणून दाखवलं. तो म्हणाला, तसं नाही. मी परत म्हटलं. पाचव्या खेपेला तो म्हणाला, "हां. असंच. असंच हाक मारायचो आम्ही त्याला."